येऊ दे, येऊ दे, बस

नाणेकरवाडीच्या फाट्यापुढं, कंपनीच्या कुंपणाला लागून
आठ खांब आहेत. त्यातले सहा चालतात.
सातव्यावर मी चिकटवलंय: बंद आहे, भांडू नये.
आठव्याचं मशीन आलंय, एक सही यायची राहिलीय.

रात्रपाळी माझी.
ड्रायव्हर नाव विचारतात, मी सांगते, नसीम शिकलगार.
मग हमखास एखादा म्हणतो,
निगडीच्या बाबालाल मिस्त्रींची कोण?

मुलगी.

अब्बांनी चाळीस वर्षं ट्रान्सपोर्टनगरात इंजिनं ऐकली.
स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर, मूठ कानाला, डोळे मिटून.
तिसरा नोझल, म्हणायचे. आणि तिसराच निघायचा.
आमच्या शिरखुर्म्यालासुद्धा डिझेलचा वास असतो
हे मला शाळेतल्या मैत्रिणीनं सांगितलं.

आता ते रात्री डबा घेऊन इथं येतात.
झोप येत नाही म्हणतात.
खुर्ची ओढून बसतात आणि बघतात,
चाळीस टनांचा ट्रक आत येतो
मांजर ओट्यावरून उतरावं तसा.

पहिल्याच आठवड्यात, कुणी बघत नाहीसं पाहून
त्यांनी एका केबिनच्या पत्र्याला कान लावला.
बराच वेळ.
मग उठले, पायजम्याचे गुडघे झटकले.
मी काही विचारलं नाही.

ढाकणे पाथर्डीचा. साताऱ्याहून कास्टिंग आणतो.
प्लग लावला की त्याला सव्वा तास मिळतो,
आणि सव्वा तासाचं काय करायचं असतं
हे बावीस वर्षांत त्याला कुणी शिकवलेलं नाही.
दाढी करतो. बायकोला फोन लावतो.
ती घाबरून विचारते, काय झालं?
काही नाही गं. गाडी चार्जिंगला लावलीय.

त्यानंच अब्बांना सांगितलं:
मिस्त्री, कात्रजचा बोगदा सोडला की नवले पुलापर्यंत
ब्रेकला पाय लावायचं काम नाही. गाडी स्वतःच स्वतःला धरते,
वर बॅटरीत दोन टक्के परत.
उतार पैसे देतो, मिस्त्री!

अब्बा बोलले नाहीत.
त्याच उतारावर, डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकलेल्या
किती गाड्या त्यांनी क्रेननं उचलून आणल्यात.
एकीत क्लीनरची चप्पल होती.
ती गॅरेजच्या फळीवर बरेच दिवस राहिली.
त्यांनी डब्याला झाकण लावलं. परत उघडलं.
दोन टक्के, म्हणाले.

काल पहाटे तीनला हिंजवडीकडची ती टॅक्सी आली, चाचणीची,
डोक्यावर गरगरतं गाडगं, आत कुणी नाही.
फाटकातून आली आणि थांबली.
पाच नंबरची केबल कुणीतरी वाटेतच टाकून गेलेला.
ती उभी. इंडिकेटर टिकटिकतोय.

अब्बा उठले.
ज्या आवाजानं आख्ख्या नाक्यातल्या ड्रायव्हरांच्या
सात पिढ्यांचा उद्धार केला
तो आवाज घशापर्यंत आणून काचेशी वाकले.
सीटबेल्ट लावलेला होता. कुणालाच नाही.

शिवी द्यायची कुणाला?
माझ्याकडं बघितलं त्यांनी. मी काय सांगणार,
माझ्या स्क्रीनवर फक्त एक हिरवा ठिपका होता.

मग त्यांनीच केबल उचलली, गुंडाळली, खांबाला टांगली
आणि गाडीसमोर उलटं चालत,
हाताचा पंजा छातीकडं ओढत
येऊ दे, म्हणाले. येऊ दे, येऊ दे. डावं घे थोडं.

ती आली. थोडं डावं घेऊन.

त्यांच्या हाताकडं बघून,
का तिचं आधीच ठरलेलं,
कंपनीला विचारता येईल. मी विचारणार नाही.

बस, म्हणाले अब्बा, आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली.
त्या थापेवर ड्रायव्हर इंजिन बंद करायचे.
बंद करायला काही नव्हतं.
तरी दिवे विझले.