मार लागलेली लिंबं

भायखळ्याच्या बाजारात पहाटे साडेतीनला
गोणी उलटी होते, लिंबं घरंगळत येतात
कौसाबाईंच्या पायापर्यंत.
टणक हिरवी इकडे. पिवळी तिकडे.
आणि ज्यांना काट्याचा, नखाचा,
खोक्याच्या खिळ्याचा ओरखडा आहे
ती मांडीजवळच्या पाटीत, वेगळी.

ती फेकत नाहीत त्या.
वर ओलं बारदान घालतात
आणि पाटी सरकवतात चहाच्या भट्टीमागे.
तीन दिवस. ऊब लागू दे, म्हणतात,
जखम धरली पाहिजे.

मी माटुंग्याच्या कॉलेजात बाटल्या धुतो, एकोणीस वर्षं झाली.
नावं वाचून वाचून थोडं कळायला लागतं.
म्हणून सांगायला गेलो:
बाई, लिंबाला पळता येत नाही.
बुरशी भेगेत उतरायला लागली
की साल तिथल्या तिथे एक विष कालवते,
एरवी तिच्यात जवळजवळ नसतंच ते.
स्कोपॅरोन म्हणतात.
"बरं," त्या म्हणाल्या, "पाटीची ती कड धरा."

चौथ्या दिवशी आतारांच्या गल्ल्यावरचा
नोटा तपासायचा जांभळा दिवा मागून आणला.
बारदान उचललं, दिवा आत धरला.
प्रत्येक ओरखड्यावर निळी रेघ.
बाकीची साल काळोखातच,
लागलं होतं तेवढंच जागं.

कौसाबाई वाकून बघत राहिल्या.
मग दिव्याखाली आपला हात धरला,
रसानं खाल्लेली बोटं, अंगठ्याचं फाटलेलं पेर.
काही उजळलं नाही.
"खोटी नोट," म्हणाल्या, आणि हसल्या
इतक्या, की भट्टीवरचा पोरगा वळून बघायला लागला.

तळाशी एक फार पिकलेलं निघालं.
पिकता पिकता लिंबू सालीतला तिखटपणा सोडत जातं,
याला बहुतेक उशीर झाला होता.
उचलताना बोट आत गेलं,
शेवाळी पूड उडाली.
बाईंनी श्वास धरून ते कागदात गुंडाळलं,
लांब टाकून आल्या, हात धुतले,
बाकीची मोजली. बत्तीस.
एक पदराला पुसून मला दिलं
आणि त्याचे दोन रुपये घेतले.

घरी कापताना सुरी सरळ गेली,
फक्त ओरखड्यापाशी
जरा अडली.