तीन ते पाच खेळाडू

खोक्यावर छापलं होतं : तीन ते पाच खेळाडू.
मडगावच्या दुकानदारानं पैसे मोजून घेतले,
किती जणी आहात, ते विचारलं नाही.

सांग्यात मी एकटी. वीज खात्यातली नोकरी,
भाड्याची खोली, खाली फार्मसी, समोर फणस.
पहिले आठ महिने मी तिघी होऊन खेळले.
खुर्ची बदलली की माणूस बदलला.
तांबडी थापा मारायची,
पिवळीला त्या आधीच ठाऊक असायच्या,
आणि निळी दरवेळी हरायची,
मला वाईट वाटू नये म्हणून.

मीटर बघायला घरोघर जाते.
नजर आकड्यांवर कमी, कपाटांवर जास्त.
दारामागे उभे कॅरम, हरवलेल्या सोंगटीच्या जागी शर्टाचं बटण.
पत्त्यांचे कॅट, राजाच्या तोंडावर तेलाचा डाग.
एका घरी बुद्धिबळातला उंट देव्हाऱ्यात बसलेला पाहिला.
विचारलं नाही.
विचारणार तरी कसं :
रीडिंग दोनशे चौदा,
आणि हो, तुम्हाला जहाजं हाकायला आवडतात का?

शेवटी चिठ्ठी लिहिली. बसस्टँडच्या खांबावर,
नारळ पाडणाऱ्याच्या नंबराशेजारी डकवली.
‘फाशांचा मोठा खेळ आहे. जुगार नाही. दोन माणसं हवीत.’
‘जुगार नाही’खाली दोनदा रेघ.
तरी पहिले चार फोन जुगाराचेच.

पाचवा चांदरहून. युफेमियान कुलास,
एकतीस वर्षं बोटीवर स्टुअर्ड.
पाव पोचवणाऱ्या टेम्पोवाल्यानं त्याला चिठ्ठीचं सांगितलं होतं,
अर्धं चुकीचं.
त्याला वाटलं, खरंच बोट आहे.
नाही म्हटल्यावर जरा थांबला.
मग म्हणाला, येतो.

सहावा गावडोंगरीहून. सुकांती वेळीप, अंगणवाडीत असते.
घरी रेंज नाही, टेकडीवर चढून बोलत होती,
अर्धी वाक्यं वाऱ्यानं नेलेली.
‘नियम खूप आहेत का?’
चोवीस पानं, मी भीतभीत सांगितलं.
‘बरं,’ ती म्हणाली,
जेवायला काय आहे ते कळल्यासारखी.

तिघांच्या मधलं ठिकाण निघालं केपे.
बाजारात झेवियरचं चहाचं दुकान, रविवारी दुपारी बंद,
पण आमच्यासाठी शटर कमरेइतकं वर.
वाकून आत शिरायचं. युफेमियानचा गुडघा दरवेळी बोलतो.
टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली नियमांचं पुस्तक,
वाद झाला की टेबल उचलावं लागतं.

पट मांडला : बेटं, वारे, मिरीची गोदामं,
दूरच्या बंदरातून आलेली चार रंगांची जहाजं.
युफेमियान बघत राहिला आणि खोकेपर्यंत हसला.
‘हो खेळ आमगेर साडेचारशें वर्सां चल्लो गो बाय.’

सुकांती निळी घेते.
ती मुळीच हरत नाही.

सव्वासहाची बस शेवटची, म्हणून डाव कधी संपत नाही.
पटाचा फोटो काढायचा आणि सामान वाटून घ्यायचं :
पट सांग्याला, फासे चांदरला, पत्ते डोंगरात.
ही युक्ती युफेमियानची.
म्हणजे चुकूनसुद्धा
कोणी एकट्यानं खेळायला नको, म्हणाला,
माझ्याकडे न बघता.
मी त्याला त्या तिघींबद्दल कधी सांगितलं नव्हतं.

मागचा रविवार पोलिओच्या डोसाचा, सुकांती बूथवर.
आम्ही दोघं बसलो. पट होता, फासे होते, पत्ते नव्हते.
पाव आणि ऑम्लेट खाल्लं.
युफेमियाननं उगाच फासा टाकला. सहा. वाया गेला.
पाच वाजता फोन आला,
मागे कुणाचं तरी बाळ जिवाच्या आकांतानं रडत होतं.
‘चाल कोणाची आहे?’

निळ्या जहाजावर माशी बसली होती.
‘तुझीच,’ मी म्हटलं. ‘सावकाश.’