कूस

तातू मेस्तांना तीनदा निरोप धाडला.
चौथ्यांदा रस्त्यातच भेटले, स्कूटरवर,
मांडीत प्लायवूडची पट्टी धरून.
"फेकून दी गो ती. प्लास्टिकची पाचशेक मेळता."
शिरोड्यातले सगळे मेस्त आता हॉटेलांची कपाटं करतात.
तीन पायांच्या खुर्चीसाठी
कोण येतो.

म्हणून मीच बसले, पडवीत, गोणपाट पसरून.
पोस्टात अठ्ठावीस वर्षं शिक्के मारले,
हातोडीचा सराव तेवढाच.

आधी खिळे. कुणीतरी घाईघाईत मारलेले,
बाबांनीच, दुसरं कोण.
मिठागरावरच्या वाऱ्याने त्यांची तांबडी भुकटी केलेली:
पक्कड लावावी तर डोकं हातात, धड आत.
मग जुना सरस. उकळत्या टोपावर धरला
तेव्हा गोठ्यासारखा वास सुटला
आणि पाय निघून आला.
टोकाला कूस, अर्धी मोडलेली.
खाचेत शिरणाऱ्या त्या जिभेला सुतार कूस म्हणतात.
आपण ज्या कुशीवर निजतो,
आईच्या ज्या कुशीत मी आणि जयवंत
दोन वर्षांच्या अंतराने राहून गेलो,
शब्द तोच.

लोकांना मी सांगत आले, खुर्ची जयवंताने मोडली.
खोटं आहे.
त्याने फक्त कागद पुढे केला होता,
वेंगुर्ल्याहून टाइप करून आणलेलं हक्कसोडपत्र.
माझं नाव, वय, धंदा: घरकाम.
"तुका कित्याक व्हया आता," म्हणाला, "सही कर."
केली. स्वच्छ, पूर्ण नावाची.
वर तारीखही घातली.
आणि मग खुर्ची उचलून
जमिनीवर आपटली.

मोडलेल्या कुशीला नवं लाकूड हवं.
सागवान नको, ते फणसाशी जमवून घेत नाही
असं आपलं मला वाटलं.
फणसाला फणसच.
तो कुठे मिळेल ते ठाऊक होतं:
जयवंताच्या नव्या होमस्टेच्या मागे
जुन्या गोठ्याच्या तुळया पावसात पडल्यात.
वाळवी लागलीय, तरी मधला हातभर गाभा शाबूत.
भर दुपारी गेले. पिशवीत करवत,
वर कोथिंबिरीची जुडी.
वीतभर कापून आणला.
हक्क सोडला तो कागदावर.
हे काही मी सोडलेलं नाही.

भुसा इतका पिवळा पडला
की मांजर वास घेऊन शिंकली आणि निघून गेली.
पहिली कूस बारीक झाली, वाया.
दुसरी खाचेत शिरेना. तिला तासत बसले,
एक केस इकडचा, एक केस तिकडचा,
अंगठ्याला फोड आला,
चहा दोनदा गार झाला,
आणि मग ती गेली आत, काही आवाज न करता,
जशी काही तिथेच होती.

फेव्हिकॉल लावला. शिकंजा नव्हता.
फातर्पेकरांच्या होडीवरची नायलॉनची दोरी मागून आणली,
चारी पायांना गुंडाळली
आणि मध्ये आमटीची पळी घालून पीळ दिला.
डब्यावर लिहिलंय, चोवीस तास.
डब्याने शिरोड्यातला भादवा पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जयवंत आला,
होमस्टेच्या पूजेचं सांगायला.
सवयीने त्याच खुर्चीवर टेकायला गेला.
"अजून वली आसा," मी म्हटलं.
तो तसाच अर्धवट उठला. वाकून पाहिलं.
तीन पाय काळे, एक पिवळा.
पिवळ्यावरून बोट वरपासून खालपर्यंत नेलं.
"खयचो ह्यो?"
"गोठ्याचो."

पागोळ्या गळत होत्या.
मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, परत आले,
तरी तो उकिडवाच.
मग त्याने पळी धरली,
आणखी अर्धा पीळ दिला
आणि म्हणाला,
"ढिली होती गो."