रुमालाखालचा भाव

मनामात पहाटेचे पावणेसहा.
टोकियो दमत आलेलं, रियाध अजून पांघरुणात,
आणि मी, सांगलीच्या हळदबाजारातल्या दिवाणजीची मुलगी,
तेलाच्या भावाला मथळा शिवतेय.

'मर्सा' नाव होतं कंपनीचं.
मर्सा म्हणजे नांगर टाकायची जागा.
रमझीने पहिल्याच दिवशी फळ्यावर काढून दाखवला तो नांगर,
मी हसले.
आमच्याकडे नांगर म्हटलं की आधी माती आठवते,
पाणी मागाहून.

हूरात, एका लाँड्रीच्या वर, दोन खोल्या.
सहा माणसं, एक एसी, तोही खोकणारा.
जिजो कोड लिहायचा, मारिसेल आकडे तपासायची,
मी चुका काढायचे.
इस्त्रीच्या वाफेचा वास असायचा प्रत्येक बातमीला.

अण्णांनी फोनवर विचारलं, विकता काय नक्की?
म्हटलं, भाव.
भाव सगळ्यांनाच सांगून टाकलात
तर मग धंदा कशाचा गं?
त्यांच्या बाजारात अडत्या हातावर रुमाल टाकायचा,
खाली बोटं बोलायची बोटांशी.
माल ज्याचा, तो समोरच उभा.
त्याला कापड हलताना दिसायचं, तेवढंच.

आम्ही तो रुमाल उचलायला निघालो होतो.
कुठल्या बँकेने कुठलं कर्ज कुठे दडवलं,
कुठल्या टॉवरचे सतरा मजले नुसते कागदावर,
सगळं सकाळी सातच्या आत,
फुकट.

मग एका बँकेने रमझीला कॉफीला बोलावलं.
परतला तेव्हा हातात खजुराचा डबा,
आणि आठवड्याने आमच्या पानावर त्यांची हिरवी जाहिरात.
त्यांची बातमी मीच खाली सरकवली.
चार ओळी होत्या, तीन केल्या.
खजूर उत्तम होते, खोटं कशाला बोलू.

मग पैसा आला.
सीफमध्ये अकरावा मजला, समुद्राकडे सगळी काच,
चाळीस खुर्च्या,
पॉडकास्टची खोली, भिंतींना स्पंज,
दुबईत एक टेबल, रियाधमध्ये नुसता फलक.
जिजोने कोट्टयमच्या घरावर दुसरा मजला चढवला.
'वाचक' हा शब्द कधी मागे पडला कळलं नाही,
'ट्रॅफिक' म्हणू लागलो.
खाली रस्त्यावर खरी ट्रॅफिक असायची,
गुरुवार संध्याकाळची, सेतूकडे तुंबलेली.
तीही मोजावीशी वाटायची.

तेल घसरलं त्या वर्षी बातम्यांना तोटा नव्हता.
कोण बुडालं, कोण बुडणार,
कोणी रातोरात गाशा गुंडाळला.
आमचा पगार चार दिवस उशिरा,
मग अकरा,
मग रमझी खुर्च्यांच्या मधून चालेनासा झाला,
भिंतीकडून जायचा.
कॉफीचं यंत्र सगळ्यात आधी गेलं.
इद्रिसने जुनी किटली बाहेर काढली.
चहा त्याचाच चांगला होता, पहिल्यापासून.

मंगळवारी मला केबिनमध्ये बोलावलं.
टेबलावर कॅल्क्युलेटर, त्याच्यावर रमझीचा तळहात.
नऊ वर्षांचा हिशोब.
त्याने हात उचलला, आकडा दाखवला,
पुन्हा झाकला.
मी मान हलवली. घासाघीस मला कधी जमली नाही,
अण्णांची मुलगी असून.
नंतर जिजो आत गेला, नंतर मारिसेल.
कोणाला किती, कोणालाच कळलं नाही.
बाहेरून काचेतून
हात हलताना दिसत होता, तेवढाच.

आमची बातमी दुसऱ्यांनी दिली,
तीन ओळींत.
नाव 'मारसा' छापलं होतं.
मी उठून पेन्सिल शोधू लागले,
मग आठवलं,
ती कंपनीची होती,
दुपारीच जमा केली.