जोडलेले आहे

सात सेकंद बटण दाबून धरा,
दिवा निळा-तांबडा लुकलुकेल,
असं त्या घडीच्या कागदावर अकरा भाषांत लिहिलंय.
आमची शेवटून दुसरी, मुंगीच्या अक्षरांत.

मी धरलं. सातच्या जागी बारा मोजले.
दिवा एकदा लुकलुकला
आणि मग निळाच राहिला,
दुसऱ्याच कुणाकडे डोळा लावून बसलेल्या मांजरासारखा.

प्लेअर म्हणतो: शोधत आहे.
प्लेअर म्हणतो: काही सापडले नाही.
हेडफोनमधली बाई मात्र ठासून सांगते: जोडलेले आहे.
कुणाशी, बाई?
या स्वयंपाकघरात मी, चूल, राईचा अर्धा पाव
आणि खिडकीबाहेर कार्डलाचा नोव्हेंबर,
दुपारी चारलाच काळोख पांघरून निजलेला.

शनिवारी तालीम आहे.
खालच्या पट्टीच्या बायका आम्ही चौघीच उरलो,
त्यात साल्मेचा गुडघा, म्हणजे तिघी.
एंडेलने आमची ओळ वेगळी काढून भरून दिलीय प्लेअरमध्ये,
एकटीच, बाकीच्या गाण्याशिवाय.
नुसती ऐकली तर वाटतं, कुणी घरात काही हरवलेलं शोधतंय.

हेडफोन पिरेतचे.
गॉथेनबर्गला जाताना ठेवून गेली,
"नवे घेतलेत, हे तुला."
एका कानाची गादी सोललेली.

बंद केले. चालू केले. पोटभर चार्ज केले.
लांब ठेवले, जवळ ठेवले,
मग टेबलावर समोरासमोर,
सोयरिकीला बसवलेल्या लाजऱ्या माणसांसारखे.
मायक्रोवेव्हची पिनसुद्धा काढली,
तो लाटा खातो असं साल्मे म्हणते.

काल्यू जेवून माळ्यावर गेला होता.
धुराड्याला ओल येतेय म्हणाला.
सप्टेंबरपासून रोज येते ती ओल, आठच्या सुमारास.

आणि एकदम कानात:
"मुरीसाहेब, सांगा, तुमचं सगळ्यात आवडतं हाड कोणतं?"
फळीवर शेपटीचे फटके.
"साहेबांना सांगायचं नाहीये. आता हवामान."

नऊ वर्षांची पिरेत.
पुढचे दोन दात पडलेले,
प्रत्येक 'स'मधून वारा जातोय.

मी हातात डाव घेऊन उभी.
आवाज वाढला. आणखी वाढला.
मग कानाचे पडदे फाटतील इतका,
आणि बातम्या पुन्हा पहिल्यापासून,
पुन्हा मुरी, पुन्हा हाड.
वर फळी करकरली.
कुणीतरी काहीतरी तळहातावर आपटत होतं.

जिना चढले, कानांवरचं न काढता.
तो लोकरीच्या पेटीवर बसलेला, बॅटरीच्या उजेडात,
तिचा तडा गेलेला जुना फोन
आधी कानाशी, मग डोळ्यांशी.
भिंतीत एक सॉकेट होतं, नवं.
मला कधी दिसलं नव्हतं.

"मुका झालाय," तो म्हणाला, वळून न बघता.
"चित्र हलतंय, आवाज नाही. काल बरा होता."

उपाय आहे कागदावर, चौथ्या घडीत:
आधीच्या उपकरणात जाऊन 'विसरा' दाबावे.

मी हेडफोन ताणून उघडले,
एक वाटी त्याच्या कानाला, एक माझ्या.
सोललेली बाजू मी घेतली.
डोक्याला डोकं लागलं. त्याच्या केसांना
डिझेलचा आणि फेरीबोटीच्या ओल्या दोराचा वास.
"अय्या," तो म्हणाला. साठ वर्षांचा माणूस.

हवामान: संध्याकाळी ऊन,
मुरीसाहेबांना मात्र आंघोळीची शक्यता.

शनिवारी तिसऱ्या कडव्यात मी चुकले.
एंडेलने चष्म्यावरून पाहिलं.
"घरी ऐकलं नाहीस."

ऐकलं, म्हटलं.