लोडर

बोटं उघडी ठेवायची नाहीत.
हा पहिला धडा, नगरला, लाकडी गोळ्यावर.
गोळा नळीत शिरला की मागून मूठ,
वळलेली, घट्ट, अंगठा बाहेर.
तोफेचं दार सरकतं, ते मुठीला बाजूला ढकलून देतं.
बोटांना कापतं.
उस्ताद आपला उजवा पंजा वर धरायचा
आणि म्हणायचा, मोजा.
साडेतीन.

सकाळी आधी तिची चौकशी, मग आपली दाढी.
विजयंता. एकोणचाळीस टन. माहेर मद्रासजवळ,
गावाचं नाव खरंच आवडी.
पट्ट्याच्या पिना हातोडीनं ठोकून ऐकायच्या,
सैल पीन बद्द वाजते, चिरलेल्या मडक्यासारखी.
एअर फिल्टर झटकला की परातभर राजस्थान.
ग्रीस. तेलाची काडी. वायरलेसची बॅटरी.
संध्याकाळी लांब दांड्याला फडकं गुंडाळून
चौघांनी नळी पुसायची,
आडव्या उखळात मुसळ घालावं तसं, हुं हुं करत.
आणि चहा.
पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही,
पण चहा करणं लोडरचंच काम.

कमांडर बघतो. गनर बघतो.
ड्रायव्हर बघतो, फटीएवढं का होईना.
लोडर बघत नाही.
त्याच्या पुढ्यात तोफेची पाठ
आणि वीस किलोचा पुढचा गोळा कडेवर.
रिसालदार खेमसिंग हुकूम देतात,
मी ढकलतो, ओरडतो, लोडेड!
तोफ हातभर मागे येते, छातीशेजारून जाते,
रिकामं काडतूस खणखणत खाली,
ते हातमोज्यानं उचलून झाकणातून बाहेर फेकायचं
तोवर कानात गनर सुखराम म्हणतो, लगा.
किंवा काहीच म्हणत नाही.
अठरा वर्षं.
कुठे लागलं, मी पाहिलेलं नाही.

आता तुर्भ्याला असतो.
रात्री एमआयडीसीत, शीतगृहाच्या फाटकावर.
आत हजार पेट्या सफरचंदं झोपलेली, बाहेर मी स्वेटर घालून.
दिवसा झोपतो.
आणि दुपारी एकला डोंगरात खाणीचा बार उडतो.

झोपेतच मूठ वळते.
एकदा पत्र्याच्या कपाटाला बसली, पोचा पडला.
मालन काही बोलली नाही,
पोच्यावर तिनं कॅलेंडर टांगलं.
परवा मात्र ताट वाढता वाढता म्हणाली,
रोज दचकता. एकदा बघून तरी या.

गेलो. वस्तीच्या मागनं, डंपरच्या वाटेनं.
घाणेरीची पानंसुद्धा पिठाळलेली.
लाल फडकं घेतलेला माणूस, दुर्गाप्पा नाव,
त्यानं मला खडकाआड बसवलं
आणि तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली.
दहाही शाबूत. मी मोजली.

आवाज मागून आला.
आधी डोंगर नुसता फुगला,
झोपलेल्या माणसाचं पोट फुगतं तसा,
आणि बसला.
मग कपची, कपची, बराच वेळ.
मग धूळ, तिला तर काही घाईच नव्हती.
एक टिटवी ओरडत उठली,
फिरली, उतरली, परत उठली,
उतरायची जागा तिला ओळखू येईना.
हे सगळं आवाजापेक्षा कितीतरी लांबलं.
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

लगा? मी विचारलं.
दुर्गाप्पा हसला.
काय लागायचंय काका, दगडच तर आहे.
त्यानं डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्याकडे केली.
हात पुढे केला तर तिथे मूठ होती.
उघडायला जरा वेळ लागला,
तो थांबला.

तीन दगडांवर काळं पातेलं होतंच.
चहा मी केला.