पुरवणी

मकरपुऱ्याच्या शेडचं शटर अर्ध्यावर सोडून
झडप गुजराती पेपरात गुंडाळली
आणि रावपुऱ्यात झवेरीभाईंच्या टेबलावर ठेवली.
त्यांनी ती कानाशी धरून हलवली,
नारळ बघतात तशी.

"बेन, हा चर पप्पांच्या मूळ अर्जात होता?
असता तर तेव्हाच त्यातून वेगळा अर्ज काढता आला असता,
तारीख तीच जुनी.
मंजुरीनंतर त्यातून फांदी फुटत नाही."

नव्हता.
बैठकीवर वाळू बसायची,
झडप केसभर उघडी राहायची,
रात्रीतून टाकी गुपचूप उतरायची.
गिऱ्हाइकाचा फोन आला की बाबा म्हणायचे,
तुमच्या पाण्यात दोष आहे.

"मग एक रस्ता, नवं स्वतंत्र पेटंट.
वीस वर्षं.
पण सिद्ध करावं लागेल, की जुनी झडप समोर ठेवूनही
जाणत्या माणसाला हे सहज सुचलं नसतं."

जाणता माणूस.
तो चौतीस वर्षं माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचा,
चष्म्याच्या काडीला तांब्याची तार गुंडाळलेला.
त्याला सुचलं नाही, हे मी
ठरावीक फी भरून
सरकारला लिहून द्यायचं.

"नाहीतर पुरवणी."
हा शब्द त्यांच्या भाषेतही हाच.
मला दहावीचा वर्ग आठवला,
पांढरा दोरा, घामेजलेली बोटं,
बाई, अजून एक.
"हिला दरवर्षीची फी नाही.
मूळच्याच पुढचं पाऊल आहे, एवढ्यावरून कुणी अडवत नाही.
पण आयुष्यही मूळचंच. ते संपलं की ही संपली."

किती उरलंय?
त्यांनी बोटं मोडत मोजलं.
सहा वर्षं, चार महिने.

व्यवहार कळतो मला.
कामगार सात आहेत, मिलिंगच्या मशीनचे हप्ते आहेत,
सहा वर्षांनंतर राजकोटचा कुणीही हा चर पाडेल
आणि माझ्याहून स्वस्त विकेल.
झवेरीभाईंनी हे सगळं दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा चहा मागवून.

मूळ पेटंटचा क्रमांक मला पाठ होता.
मी तो रकान्यात लिहिला,
यशवंत गोविंद खासगीवाले, मग वारस म्हणून मी,
आणि खाली सही.

घरच्या टाकीला अजून जुनीच झडप आहे.
रात्री पाणी उतरतं, पाइपात बारीक आवाज येतो.
नवी बसवायला अर्धा तास लागेल.
बसवीन.